बाळाचे डोळे ‘टपोरे’ आहेत म्हणून खूश होण्याआधी हे वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. बाळं झोपल्यावर निवांत वाचा. तेवढाही वेळ नसेल तर फक्त पुढचा परिच्छेद वाचा.

बाळाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय, उजेडात ते डोळे घट्ट मिटून घेतंय किंवा तोंड फिरवतंय, डोळ्याचा काळा भाग मोठा वाटतोय, किंवा त्यावर धुरकट, निळसर-करडी झाक दिसतेय. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा नुसती धुरकट झाक दिसली, तरी एक-दोन दिवसांत लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे पोचा. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. ‘डिसेंबरात भारतात जातोय, तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवू’ हे वाक्य या आजारापुरतं तरी घरातून हद्दपार करा.

आता भांडायला सुरुवात करते.

पहिलं भांडण आपल्या तारीफ करण्याच्या सवयीशी. मराठी घरात बाळ जन्मलं की पहिल्या आठवड्यातच त्याच्या डोळ्यांचा निकाल लागतो. टपोरे, पाणीदार, बोलके. बुबुळ जरा निळसर-करडं दिसलं की ‘घारे आहेत हो, पणजोबांवर गेलाय!’ व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आजी, ठाण्याहून मावशी, सगळ्यांचं एकमत. यात कुणाचंही मन वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पण एकदा तारीफ झाली की प्रश्न विचारायची सोय राहत नाही. जन्मतः काळेभोर असलेले डोळे तिसऱ्या महिन्यात घारे कसे झाले, असं विचारणारी सून मग ‘नसत्या शंका काढणारी’ ठरते.

या आजारात मोठ्या झालेल्या डोळ्याला वैद्यकात ‘ब्यूफ्थाल्मॉस’ म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘बैलाचा डोळा’. माणसाच्या बाळाला बैलाएवढा डोळा असणं ठीक नाही, हे त्या नावातच आलं. आपण त्याच डोळ्याला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट लावतो.

मी डॉक्टर नाही, सीए आहे. माझ्या मुलीला हा आजार आहे, ती आता नऊ वर्षांची आहे आणि आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नऊ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यांत बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून जे समजलं ते लिहिते आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. पण दारापर्यंत पोचायचा निर्णय आपला असतो, आणि घोळ तिथेच होतो.

आधी हे नीट समजून घेऊ, कारण न समजता केलेली घाई दोन दिवसांत विरते.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते. मराठीत तिला पारपटल म्हणतात, दवाखान्यात सगळे कॉर्नियाच म्हणतात. मध्यभागी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि त्याचं काम पंपाचं असतं. पारपटलात झिरपणारं पाणी तो सतत बाहेर काढतो. पंप चालू आहे तोवर काच स्वच्छ. पंप कमी पडला की पारपटल पाणी पिऊन फुगतं आणि गढूळ दिसतं, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बाथरूमचा आरसा दिसतो तसं. या पेशींच्या थराला लागून एक पातळ पडदा असतो, त्याला डेसिमेटचा पडदा म्हणतात.

आता दाब कुठून येतो ते बघा. डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या चाळणीसारख्या जाळीतून वाहून जातो. जन्मजात काचबिंदूत ही जाळी गर्भातच नीट घडलेली नसते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था. दाब वाढत जातो. मोठ्या माणसाच्या डोळ्याची भिंत कडक असते, त्यामुळे डोळा बाहेरून होता तसाच दिसतो आणि आत नस मरत जाते. बाळाच्या डोळ्याची भिंत मऊ असते, साधारण तीन वर्षांपर्यंत ती ताणली जाते. म्हणून दाब वाढला की अख्खा डोळाच मोठा होतो आणि त्याबरोबर पारपटलही ताणलं जातं.

नवजात बाळाच्या पारपटलाची रुंदी साधारण १० मिलिमीटर असते. पहिल्या वर्षात ती १२ मिलिमीटरच्या वर गेली तर डॉक्टर काचबिंदूचा संशय घेतात. म्हणजे ‘टपोरे’ आणि ‘आजारी’ यांच्यात फरक आहे दोन मिलिमीटरचा. व्हिडिओ कॉलवर तो आजीलाच काय, नेत्रतज्ज्ञालाही मोजता येणार नाही.

पारपटल ताणलं गेलं तरी डेसिमेटचा पडदा तेवढा ताणला जात नाही. तो फाटतो. या फाटी बहुतेक वेळा आडव्या असतात किंवा काठाला समांतर कमानीसारख्या. ऑटो हाब या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावावरून त्यांना ‘हाबच्या रेषा’ म्हणतात. पडदा फाटला की डोळ्यातला द्रव सरळ पारपटलात घुसतो आणि काल बऱ्यापैकी स्वच्छ असलेला डोळा आज अचानक धुरकट दिसतो. आपल्याकडे जुनी माणसं ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात, त्यातली काही फुलं अशीही पडत असतील.

इथे एक फसवा टप्पा येतो. फाटीच्या आजूबाजूच्या पेशी हळूहळू सरकून ती फट झाकतात. सूज थोडी उतरते, डोळा पुन्हा बरा दिसायला लागतो. घरात सगळे म्हणतात, ‘बघ, म्हटलं नव्हतं आपोआप जाईल?’ पण दाब तसाच असतो. जाळी अजून तुंबलेलीच असते. फक्त बाहेरची खूण पुसट झालेली असते.

आणि मी ज्या गोष्टीसाठी एवढं लिहितेय ती ही. पंपाचं काम करणाऱ्या या पेशी माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. आहेत त्याच ताणून, पसरून काम चालवतात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही मुद्दल आहे. जन्माला येताना एकदाच जमा झाली, नंतर भरणा बंद. दर आठवड्याचा वाढलेला दाब म्हणजे मुद्दल मोडून घर चालवणं. नंतर दाब पूर्ण आटोक्यात आला तरी मोडलेलं परत येत नाही. फाटीच्या जागी काचेसारखे उंचवटे कायमचे राहतात, त्यातून प्रकाश वाकडा जातो, मोठा चष्मा लागतो. माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्यात अशा दोन रेषा आहेत. तिला दिसतं, वाचता येतं, बरं चाललंय. पण त्या रेषा तिच्याबरोबर म्हातारपणापर्यंत राहणार आहेत.

कुणी म्हणेल, पारपटल बदलता येतं की, नेत्रदान असतंच ना. नेत्रदान जरूर करा. पण इतक्या लहान वयात, त्यातही काचबिंदू असलेल्या डोळ्यात, बसवलेलं पारपटल टिकवणं फार अवघड असतं. हा शेवटचा पर्याय आहे. त्याच्या भरवशावर थांबू नका.

दुसरं भांडण ‘नळी बंद असेल’ या उत्तराशी.

बाळाच्या डोळ्यातून पाणी येतं, याचं सगळ्यात नेहमीचं कारण अश्रूंची नळी उघडलेली नसणं हेच आहे. यातल्या बहुतेक मुलांची नळी वर्षाच्या आत आपोआप उघडते. म्हणून डॉक्टर मसाज सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. माझी तक्रार त्या उत्तराबद्दल नाही, त्यानंतर सगळ्यांनी प्रश्न विचारणं बंद करण्याबद्दल आहे.

नळी बंद असलेलं बाळ खिडकीत बसून मजेत बाहेर बघतं. काचबिंदू असलेल्या बाळाला ती खिडकी सहन होत नाही. पारपटल सुजलं की त्यावरच्या नसा चिडतात, उजेड आत जाताना विखुरतो, डोळा दुखतो, म्हणून पाणी येतं आणि म्हणूनच बाळ डोळे आवळून धरतं. पाणी, उजेड सहन न होणं आणि पापण्या आवळणं हे त्रिकूट आहे. नुसत्या पाण्याचं घाबरू नका. पाण्याबरोबर उजेडाची भीती आली की मसाज पुरे.

आम्हाला एका दवाखान्यात दोनदा मसाज सांगून परत पाठवलं गेलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका कागदावर तीन वाक्यं लिहून नेली. एक, तिला उजेड सहन होत नाही. दोन, उजवं बुबुळ डाव्यापेक्षा मोठं दिसतं. तीन, काचबिंदू नाही याची खात्री मला नेत्रतज्ज्ञाकडून हवी आहे. तिसऱ्या वाक्याने काम झालं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. ही तीन वाक्यं इंग्रजीत करून फोनमध्ये ठेवा. ‘आय ॲम वरीड’ एवढंच म्हणालात तर तुम्हाला धीर मिळेल. खूण आणि आजाराचं नाव घेतलंत तर चिठ्ठी मिळेल.

यात इथल्या डॉक्टरांचा द्वेष नाही. आकडे बघा. ब्रिटनमध्ये हा आजार साधारण १८,५०० जन्मांमागे एका बाळाला होतो. एखाद्या साध्या जीपीला अख्ख्या नोकरीत एकही असं बाळ बघायला मिळालं नाही तर नवल नाही. पण आंध्र प्रदेशात हेच प्रमाण सुमारे ३,३०० मागे एक असं आढळलं होतं, सौदी अरेबियात सुमारे २,५०० मागे एक. ब्रिटनमधल्याच अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या बाळांत हे प्रमाण गोऱ्या बाळांच्या जवळजवळ ९ पट निघालं. डॉक्टर समोरच्या सरासरीवर अंदाज बांधतो. आपण त्या सरासरीतले आहोतच असं नाही, हे त्याला सांगायचं काम आपलं आहे.

आणि ‘जन्मानंतर तपासणी झाली होती, पास झालाय’ हे उत्तर माझ्यासमोर देऊ नका. इथे इंग्लंडमध्ये ७२ तासांच्या आत एकदा आणि ६ ते ८ आठवड्यांनी एकदा बाळाच्या डोळ्यात उजेड टाकून लाल चमक बघतात. चांगली सोय आहे. पण या आजाराची जेमतेम पाव मुलं जन्मतःच ओळखू येतात, बाकीच्या बहुतेकांचं निदान वर्षाच्या आत होतं. शिवाय पारपटल अजून स्वच्छ असेल तर ती चमक व्यवस्थित दिसू शकते. ऑडिट रिपोर्टवर तारीख का असते, हे मी रोज क्लायंटना समजावते. त्या तारखेनंतर काय झालं ते त्या कागदात नसतं.

तिसरं भांडण आपल्या लांबणीवर टाकण्याशी. प्रत्येक देशात आपली सबब वेगळी असते. अमेरिकेत डिडक्टिबल, इंग्लंडमध्ये अपॉइंटमेंट, आखातात ‘बाळाचा व्हिसा झाला की मग विमा’. आणि सगळीकडे एक सामाईक सबब, भारतवारी.

अमेरिकेतल्यांनो, नोकरीच्या विम्यात बाळाचं नाव घालायला जन्मापासून किमान ३० दिवस मिळतात आणि त्या मुदतीत घातलंत तर विमा जन्मतारखेपासून लागू होतो. तो फॉर्म बारशाच्या आधी भरा. आखातातल्यांनो, तुमच्या पॉलिसीत नवजात बाळाला कितव्या दिवसापर्यंत संरक्षण आहे हे बाळंतपणाच्या आधी लेखी विचारून घ्या. इंग्लंडमधल्यांनो, जीपीकडे तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली म्हणून तीन आठवडे थांबू नका. बुबुळ धुरकट दिसतंय असं फोनवरच सांगा आणि आजच्या आज बघा म्हणून हट्ट धरा. नाहीच जमलं तर डोळ्यांचा तातडीचा विभाग असलेल्या रुग्णालयात बाळाला घेऊन जा.

भारतातल्या डॉक्टरांवर माझा विश्वास कमी आहे असं कृपया समजू नका. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, ही नावं जगभर आदराने घेतली जातात. तुम्ही पुढच्या आठवड्यात तिथे पोचणार असाल तर बेलाशक जा. माझा आक्षेप देशावर नाही, चार महिन्यांच्या वाट पाहण्यावर आहे. चार महिन्यांच्या बाळासाठी चार महिने म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांदा.

उशीर झाला की आणखी एक दार बंद होतं. या आजारावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बारकन यांनी गोनिओटॉमी नावाची शस्त्रक्रिया रूढ केली आणि तोवर जवळजवळ हमखास आंधळी होणारी मुलं वाचायला लागली. यात सर्जन पारपटलातून आरपार बघत ती बिघडलेली जाळी उघडतो. म्हणजे काच स्वच्छ हवी. काच गढूळ झाली असेल तर आतलं दिसत नाही आणि बाहेरून जाणारी ट्रॅबेक्युलोटॉमीसारखी शस्त्रक्रिया करावी लागते. तीही चांगली आहे, भारतात मोठ्या प्रमाणावर यशस्वीपणे होते. पण निवड सर्जनच्या हातात असणं वेगळं आणि आपल्या उशिराने ती काढून घेणं वेगळं.

‘एवढ्याशा जिवाला भूल?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. भुलीची भीती खोटी नाही. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा खूप वेळ भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला. पण एखाद्या वेळच्या, थोडक्या भुलीने अपाय होण्याची शक्यता कमी, हेही तिथेच सांगितलं. शंका भूलतज्ज्ञाला विचारा, तो शांतपणे उत्तर देतो. तुलना करताना मात्र दोन्ही बाजू मांडा. एका बाजूला तज्ज्ञाच्या देखरेखीखालची भूल, दुसऱ्या बाजूला दाबाखाली जाणारी नजर.

चौथं भांडण बॅगेतल्या औषधांशी. भारतातून येताना खाकरा, भाजणी आणि डोळ्यांचे थेंब. ‘आमच्या शेजारच्या मुलाला यानेच बरं वाटलं.’ मंडळी, स्टेरॉइड असलेले थेंब दोन-चार आठवडे घातले तरी काही मुलांच्या डोळ्यांचा दाब वाढतो आणि आधी नसलेला काचबिंदू होऊ शकतो. ते घातल्यावर लाली लगेच जाते, म्हणून ते ‘गुणकारी’ वाटतात. आणि मोठ्यांच्या काचबिंदूसाठी दिलं जाणारं ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच नसतं, बाळ गुंगीत जाऊन श्वास मंदावू शकतो. आजोबांच्या काचबिंदूची बाटली आणि नातवाचा काचबिंदू, नाव एक म्हणून औषध एक होत नाही. काजळही नको. मुळात डोळा चिडलेला, त्यात बोटाने काजळी कशाला? कित्येक काजळांत शिसं सापडलंय, म्हणूनच अमेरिकेत त्याच्या आयातीला परवानगी नाही.

पाचवं भांडण सगळ्यात जुनं आहे. निदान झालं की पहिला फोन बाळाच्या आईला. ‘ग्रहणात काही चिरलंस का? सातव्या महिन्यात प्रवास केलास ना?’ मी हे सभ्य भाषेत लिहितेय, पण ऐकताना ते तसं नसतं.

या आजारातलं नेहमी सापडणारं एक जनुक आहे सीवायपी १बी१. १९९७ मध्ये त्याचा आजाराशी संबंध लक्षात आला. त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच आजार होतो. एकाकडून आली तर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही नसतो. म्हणजे हिशेब निम्मा-निम्मा आहे. ग्रहण, विळी आणि विमानप्रवास यांचा त्यात कुठेही कॉलम नाही.

पण एका गोष्टीचा आहे आणि ती आपण चारचौघांत बोलत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत मामाच्या मुलीशी लग्न रीतीला धरून मानलं जातं. तेच बिघडलेलं जनुक नवरा-बायको दोघांत असण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. मी कुणाच्या लग्नाला नावं ठेवत नाही. पण तुमचं लग्न नात्यातलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका. आणि एका मुलाला असं जनुकीय निदान झालं असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के शक्यता असते. त्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर नेत्रतज्ज्ञाने बघितलेच पाहिजेत. घरी ‘एकदा झालं, आता नाही होणार’ म्हणतात. प्रत्येक बाळाचा हिशेब शून्यापासून सुरू होतो.

सहावं भांडण, ऑपरेशननंतरचं. पेढे वाटून झाले, आता पट्टी कशाला, चष्मा कशाला? कारण डोळा साफ झाला म्हणजे नजर आली असं नाही. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षांत बघायला शिकतो. एका डोळ्यातून धुरकट किंवा वाकडं चित्र येत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अशक्त डोळ्याला कामाला लावतात. रोज रडारड होते, मला माहीत आहे. पट्टी लावलेलं बाळ बघून कळवळणाऱ्या पाहुण्यांना चहा द्या आणि पट्टी तशीच ठेवा. दाबाची तपासणी तर आयुष्यभराची आहे. दहा वर्षं ठीक राहिलेला दाब अकराव्या वर्षी वाढू शकतो.

आणि कृपया मला आंद्रेआ बोचेल्लीचे व्हिडिओ पाठवणं थांबवा. ‘जन्मजात काचबिंदू असूनही बघा केवढा गायक!’ मलाही त्याचा आवाज आवडतो. पण त्याचा जन्म १९५८ चा, आणि बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना झालेल्या इजेनंतर त्याची उरलेली दृष्टी गेली. त्यातून मी घेतलेला धडा असा की काचबिंदूच्या डोळ्याला मार लागू द्यायचा नाही. माझी मुलगी शाळेत खेळताना संरक्षक चष्मा घालते. अंध माणसं कर्तबगार असतात, त्यात वादच नाही. पण त्या कर्तबगारीचं कौतुक करत वाचवता येणारी नजर घालवायची, हे मला मान्य नाही.

आता तुमचा आक्षेप. ‘हजारो बाळांतल्या एकासाठी तू सगळ्या नव्या आयांना घाबरवतेस.’

आक्षेप रास्त आहे, म्हणून हिशेब मांडते. संशय खोटा निघाला तर तुमचा अर्धा दिवस जातो आणि कदाचित थोडे पैसे. काही मुलांचे डोळे खरोखरच जन्मतः मोठे आणि निरोगी असतात. डॉक्टर मोजतात, दाब बघतात, नस बघतात आणि ‘जा घरी’ म्हणतात. मग खुशाल टपोरे म्हणा, मीही म्हणेन. संशय खरा निघाला आणि तुम्ही लवकर पोचलात, तर वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने बहुतेक मुलांचा दाब आटोक्यात येतो. विशेषतः तीन महिने ते एक वर्ष या वयात आजार दिसलेल्या मुलांत निकाल चांगले आहेत. आणि संशय खरा असताना तुम्ही घरीच थांबलात तर काय जातं, ते वर लिहिलंय. मी वीस वर्षं जोखमीचे कागद तपासते. एका बाजूला अर्धा दिवस आणि दुसऱ्या बाजूला नजर असेल, तर त्यावर चर्चासुद्धा लागत नाही.

आज रात्री एवढं करा. बाळाचे जन्मापासूनचे फोटो उघडा, दर महिन्याचा एक, चेहरा समोर असलेला. दोन्ही डोळ्यांचा काळा भाग सारखा आहे का? वाढत गेलाय का? झाक बदललीय का? उद्या सकाळी बाळाला खिडकीजवळ घ्या आणि ते उजेडाकडे बघतं की तोंड लपवतं ते बघा. या घरगुती बघण्याने आजार नाही असं ठरत नाही, पण शंका आली तर ते फोटो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतात. शंका आली तर फोन करा, आणि फोनवर ‘काचबिंदू’ हा शब्द इंग्रजीत स्पष्ट उच्चारा, ग्लॉकोमा. पलीकडचा म्हणेल, तो म्हाताऱ्यांचा आजार. तुम्ही म्हणा, बाळांनाही होतो, मला तपासून हवंय.

पोस्ट आजीला, मावशीला, नव्याने आई होणाऱ्या मैत्रिणीला पाठवा. माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल. कुणाच्या बाळाला हे निदान झालं असेल आणि पुढे काय विचारायचं ते सुचत नसेल, तर मला मेसेज करा. उपचार मी सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी माझ्याकडे तयार आहे, ती देते.